मलकपेठेतील एक कल्पित संग्रहालय

२ सप्टेंबर २०१८ च्या रात्री हैदराबादच्या पुरानी हवेलीतील निजाम संग्रहालयाच्या झरोक्यातून दोराच्या आधाराने आत उतरलेल्या दोघा चोरांनी हिरे, माणके आणि पाचू जडवलेला, सुमारे दोन किलो वजनाचा, तीन पुडांचा सोन्याचा डबा आणि त्याच्यासोबत सोन्याचा पेला, बशी व चमचा एवढा ऐवज लंपास केला. आणि जेमतेम आठवडा उलटतो तोच, ११ सप्टेंबरला, शहर पोलिसांनी चोरांसह तो सर्व ऐवज हस्तगत केल्याचे जाहीर केले. चोर मुंबईस जाऊन एका बड्या हॉटेलात उतरले होते आणि त्यांपैकी एकाने त्या डब्यात जेवणही केले होते, हा तपशील पोलिसांच्या निवेदनातून वर्तमानपत्रांत आला आणि काही दिवस चौकाचौकांत चघळला गेला. त्यानंतर मात्र या प्रकरणाविषयीचे लोकांचे कुतूहल एकाएकी संपले. डबा मिळाला, चोर गजाआड गेले, आता विचारायचे ते काय राहिले, अशीच सर्वांची भावना झाली असावी. मला मात्र असे वाटते की विचारण्याजोगे जे काही होते ते नेमके तेथूनच सुरू होत होते. हरवून परत मिळालेली मौल्यवान वस्तू पुन्हा लोकांपुढे मांडायची ती कशी, तिची दुरुस्ती करायची ती कोठवर, आणि तिच्यावर जे गुदरले ते सांगायचे की झाकायचे, हे प्रश्न एका डब्यापुरते नाहीत आणि एका शहरापुरतेही नाहीत.

चोरीस गेलेली वस्तू सापडली म्हणजे ती घरी आली असे होत नाही. प्रथम तिचा पंचनामा होतो, तिला मोहोर लागते, तिची मुद्देमालाच्या यादीत नोंद होते, आणि खटला निकालात निघेपर्यंत ती न्यायालयाच्या हुकमाखाली असते. फिर्यादीला ती मधल्या काळात सुपूर्दनाम्यावर मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात तर असे स्पष्ट बजावले आहे की तपशीलवार पंचनामा करून, छायाचित्रे काढून आणि योग्य ते हमीपत्र घेऊन असा माल लौकर मोकळा करावा, तो पंधरा दिवस ते महिनाभराहून अधिक काळ पोलिसांच्या ताब्यात कुजत ठेवू नये. हा निवाडा मोटारी, दागिने आणि नोटा यांच्या संदर्भात झाला असला तरी त्यातील दृष्टी पुरावस्तूंना अधिकच लागू पडते, कारण मुद्देमालखान्याची दमट कोठडी सोन्याला सोसते, पण कापडाला, कागदाला, हस्तिदंताला आणि जुन्या काशाला सोसत नाही. जमिनीतून निघालेल्या किंवा दीर्घकाळ ओलीत राहिलेल्या काशात क्षार मुरलेले असतात. हवेतील आर्द्रता वाढली की ते जागे होतात आणि फिकट हिरव्या भुकटीच्या रूपाने मूर्तीला आतून खाऊ लागतात. म्हणजे चोराने जे केले नाही ते पुष्कळदा आमची दिरंगाई करते. पुराव्याचे पावित्र्य राखले पाहिजे हे खरेच. परंतु तो पुरावा ज्या वस्तूचा आहे ती वस्तू शाबूत राहिली पाहिजे, हे त्याहून आधीचे कर्तव्य आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत एक दारुण अनुभव आहे. रायगड जिल्ह्यातील दिवेआगरच्या एका सुपारीच्या बागेत १७ नोव्हेंबर १९९७ रोजी खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सुवर्णमुखवटा निघाला. समुद्रकाठचे ते शांत गाव पाहता पाहता तीर्थक्षेत्र बनले. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी मंदिराच्या दोघा राखणदारांचा खून करून तो मुखवटा पळवला. तपास लागला, २०१७ साली अलिबागच्या न्यायालयाने काही आरोपींना जन्मठेपेच्या शिक्षा दिल्या, सोनेही हाती आले. पण मुखवटा हाती आला नाही, कारण तो तोवर वितळवला गेला होता. न्यायालयीन प्रक्रिया पार पडल्यावर त्या परत मिळालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवण्यात आला आणि २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकी चतुर्थीला, त्याची स्थापना झाली. भाविकांच्या दृष्टीने देव घरी आला, आणि त्या श्रद्धेत शंका काढण्याचा अधिकार मला नाही. देवतेचे अधिष्ठान विशिष्ट आकारावर अवलंबून नसते, आणि भंगलेल्या मूर्तीच्या जागी विधिपूर्वक नवी मूर्ती बसवण्याची आपली परंपरा फार प्राचीन आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर जे गेले ते गेलेच. ज्या सोनाराने तो मूळ मुखवटा घडवला त्याच्या हातोडीची लकेर, त्याच्या काळाची डोळे आणि सोंड रेखण्याची पद्धत, पेटीत पुरला जाताना त्याला पडलेले पोचे, हे सारे मुशीत विरघळले. आज ते रूप पाहायचे तर छायाचित्रांतच पाहावे लागते. वजन परत मिळाले, घडण मिळाली नाही. आणि दोन माणसांचे प्राण गेले ते तर कोणत्याच मुशीतून परत निघणार नव्हते.

म्हणून पुरानी हवेलीच्या डब्याच्या बाबतीत आपण किती थोडक्यात वाचलो याची जाणीव आम्हा हैदराबादकरांना असायला हवी. तोही वितळला असता, त्याचे खडे सुटे होऊन बाजारात फिरले असते, आणि मग कोणत्याही न्यायालयाला त्याची घडण परत देता आली नसती. तो अखंड परत आला. पण प्रवासात, हाताळणीत आणि वापरात अशा वस्तूला जे होते त्याची कल्पना सामान्य प्रेक्षकाला नसते. आपल्याकडील पारंपरिक जडावकामात खड्याच्या पाठीशी चकाकता वर्ख आणि त्याखाली लाख भरलेली असते. उष्णतेने लाख तडकते, पाणी किंवा साबण आत शिरला की वर्ख काळवंडतो, आणि मग वरून निर्दोष दिसणारा खडा आतून विझलेला असतो. अशा कामाची दुरुस्ती करणारा कारागीर प्रत्येक खडा भिंगाखाली पाहतो, हलणाऱ्या खड्यांची नोंद करतो, आणि जेवढे सैल झाले आहे तेवढेच घट्ट करतो. डबा नवा दिसावा अशी इच्छा धरून त्याला जिल्हई करणारा माणूस त्या वस्तूचा दुसरा अपहार करीत असतो.

जीर्णोद्धार करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी हात चुकतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण हैदराबाद संस्थानाच्या आणि मराठवाड्याच्या समाईक इतिहासातलेच आहे. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात होती. एकोणिसाव्या शतकात तेथील चित्रांवर काय काय आपत्ती आल्या हे वाचताना मन विषण्ण होते: डॉ. बर्ड नावाच्या गृहस्थाने भिंतीवरची काही चित्रे खरवडून काढण्याचा उद्योग केला आणि ती वाया गेली. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून केलेल्या नकला विलायतेस पाठवल्या त्यांतल्या बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. निजाम सरकारने १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापून त्याची सूत्रे गुलाम याजदानी यांच्या हाती दिली, आणि पुढे काही वर्षांत, १९२० च्या सुमारास, इटलीहून लोरेंझो चेकोनी आणि ओरसिनी या दोघा तज्ज्ञांना मुद्दाम बोलावून आणले. त्या काळी एखाद्या देशी संस्थानाने भिंतीवरच्या चित्रांसाठी एवढा खर्च करावा ही गोष्ट साधी नव्हती. त्या तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, पापुद्रे बसवले, आणि जे आज ना उद्या कोसळून माती झाले असते ते तारले. पण चित्रे पक्की व्हावीत म्हणून त्यांनी वर लाखेचे रोगण दिले. ते कालांतराने पिवळे, मग तपकिरी झाले, त्याखाली निळे आणि हिरवे रंग गुदमरले, आणि स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आल्यावर त्या खात्याच्या रसायनज्ञांना तेच रोगण तसूतसूने उतरवण्यात कित्येक दशके घालवावी लागली.

या इतिहासातून निजाम सरकारला दोष देण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही. त्यावेळच्या युरोपातील सर्वमान्य ज्ञान त्यांनी आणले, आणि ते ज्ञान अपुरे निघाले. पण त्यातूनच पुढे जगभरच्या संग्रहालयांनी जो दंडक स्वीकारला तो आपण ध्यानात घेतला पाहिजे: जे आज जोडाल ते उद्या सोडवता आले पाहिजे, आणि जे नव्याने भराल ते जवळून पाहणाऱ्याला नवे म्हणून ओळखता आले पाहिजे. इटलीतील चेझारे ब्रांडी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. त्यांच्या परंपरेतील चित्रकार भिंतीवरच्या चित्रातील उडालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरतात, त्यामुळे दुरून चित्र पूर्ण दिसते आणि जवळ गेल्यावर मूळ कोठे संपते व दुरुस्ती कोठे सुरू होते हे लहान मुलालाही कळते. यात प्रेक्षकाविषयी आदर आहे. त्याला खरे सांगितले तरी त्याचा आनंद कमी होणार नाही, असा त्यात विश्वास आहे. आमच्या संग्रहालयांत हा विश्वास मला क्वचितच आढळतो. आमच्या फलकांवर वस्तूचे नाव, शतक आणि द्रव्य एवढे लिहिलेले असते. ती कोठे हरवली, कोणी फोडली, कोणी सांधली, कोणत्या वर्षी परत आली, याची एक ओळही नसते, जणू वस्तूला जन्म आणि वर्तमान एवढेच असून मधले आयुष्य तिने जगलेच नाही.

हैदराबादच्या मलकपेठेत राहणाऱ्यांना हे मधले आयुष्य पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरी असलेल्या मलिक याकूबच्या नावाने वसलेली ही पेठ. तिच्या टेकाडावर, आस्मानगढाजवळ, मुसा रेमंड या फ्रेंच सरदाराची समाधी आहे. खर्ड्याच्या रणात, मार्च १७९५ मध्ये, मराठ्यांच्या समोर निजामाच्या कवायती पलटणी घेऊन उभा होता तो हाच. मराठी वाचकाने त्याला शत्रुपक्षातला म्हणून ओळखावे. पण २५ मार्च १७९८ रोजी तो वारला तेव्हा या शहरातल्या हिंदूंनी आणि मुसलमानांनी त्याला आपापल्या परीने आपलासा केला, आणि मुसारामबाग या भागाचे नाव त्याच्याच नावावरून पडले असे येथे परंपरेने सांगतात. समाधीचा काळ्या दगडाचा टोकदार स्तंभ टिकला. त्याच्या समोरचा खांबांचा मंडप मात्र ऑक्टोबर २००१ च्या अतिवृष्टीत कोसळला आणि पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. आज तेथे जाणाऱ्या माणसाला तो मंडप एकदा जमीनदोस्त झाला होता हे सांगायला हवे, कारण ते कळल्यावर तो मंडपाकडे अधिक आस्थेने पाहील, आणि कदाचित उरलेल्या वास्तूंची काळजी वाहण्यास प्रवृत्तही होईल.

त्याच मलकपेठेत सहाव्या निजामाचा, महबूब अली खान यांचा, महबूब मॅन्शन नावाचा महाल भग्नावस्थेत उभा आहे. त्याच्या आवारालगतच्या बाजारात महाराष्ट्रातून आलेल्या कांद्याच्या गोण्यांचे ढीग लागतात, हमालांची आणि अडत्यांची भाषा तेलुगू, दखनी आणि मराठी यांच्यामध्ये सहज फिरत असते, आणि त्या गलबल्याच्या पलीकडे एका राजाच्या हौसेच्या भिंती पावसात भिजत असतात. महबूब अली खान यांच्या पोशाखांचे प्रचंड लांबीचे लाकडी कपाट पुरानी हवेलीत पाहायला गर्दी होते. त्यांच्या महालाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझ्या मनात जे संग्रहालय आहे ते या महालात आहे. ते आज अस्तित्वात नाही आणि कोणा सरकारने त्याचा प्रस्तावही माझ्या माहितीत केलेला नाही. ते पूर्णपणे कल्पनेतले आहे, आणि तरीही मला त्याची दालने स्पष्ट दिसतात.

या संग्रहालयात केवळ परत मिळालेल्या वस्तू असाव्यात. एखाद्या वस्तूला तेथे प्रवेश मिळण्यासाठी ती कितीही मौल्यवान असून भागणार नाही. ती एकदा तरी लोकांच्या हातून गेलेली आणि पुन्हा लोकांच्या हाती आलेली असली पाहिजे. चोरीने गेलेली, पुरात वाहिलेली, विकली गेलेली, विस्मृतीत बुडालेली, कशीही चालेल. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या पुराने या शहरातले किती दफ्तर आणि किती घरांतले किती संचित नेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्या पुरातून वाचलेले, चिखलाचे डाग अजून अंगावर बाळगणारे एखादे खतपत्र कोणाच्या पेटीत असेल, तर या दालनात त्याला मानाची जागा द्यावी, आणि तो डाग धुऊन काढू नये. शेजारी महबूब अली खान यांच्या विस्मृतीची कथा सांगणारे दालन असावे. जेकब हिरा, सुमारे १८५ कॅरटांचा, त्यांनी घेतला त्यावरून सौदागराशी कलकत्त्याच्या न्यायालयापर्यंत गेलेला वाद झाला. हिऱ्यावरचे त्यांचे मन उडाले, आणि त्यांच्या पश्चात तो मुलाला, उस्मान अली खान यांना, बापाच्या जुन्या पायताणाच्या टोकात सापडला, आणि त्यांनी तो कागदांवर वजन म्हणून वापरला, अशी हकीगत प्रसिद्ध आहे.

तो हिरा आज कोठे आहे? उस्मान अली खान यांनी १९५१ आणि १९५२ साली आपल्या जडजवाहिरांचे न्यास केले; पुढे दीर्घ वादविवादानंतर भारत सरकारने १९९५ साली त्यांतले १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. परदेशच्या लिलावांत पांगण्यापासून ते वाचले, हे सरकारचे मोठेच कार्य मानले पाहिजे. पण वाचवलेले हे भांडार, त्या हिऱ्यासह, मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत बंद आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात ते २००१ आणि २००६ साली आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१९ साली काही काळ मांडले गेले, तेव्हा लोकांनी रांगा लावून ते पाहिले, आणि मग ते पुन्हा अंधारात गेले. सार्वजनिक पैशाने सोडवून आणलेली संपत्ती जनतेने वीस वर्षांत दोनचार वेळाच पाहावी, आणि एरवी तिचे अस्तित्व कागदोपत्री मानून घ्यावे, ही व्यवस्था मला मुळीच मान्य नाही. जुन्या दरबारी जामदारखान्यातही दागिन्यांना वर्षातून सणावारी हवा लागत असे. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. पण तो सुटण्यासारखा आहे, आणि तो सोडवण्यासाठी खर्च करावा लागतो एवढ्यावरून तो टाळणे योग्य नाही. निम्मे नग येथे आणून फिरत्या क्रमाने मांडले, तरी हैदराबादचा या जवाहिरांवरचा जो न्याय्य हक्क आहे त्याचे समाधान होईल.

परत आलेल्या वस्तूंचे असे स्वतंत्र दालन ही निव्वळ माझी लहर आहे असे कोणी समजू नये. दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात २०१९ च्या ऑगस्टअखेर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जप्त केलेल्या आणि परत मिळवलेल्या पुरावस्तूंचे दालन उघडले आहे, आणि त्या कल्पनेबद्दल त्या खात्याचे मनःपूर्वक अभिनंदन केले पाहिजे. नालंदाच्या संग्रहालयातून १९६१ साली चोरीस गेलेल्या चौदा मूर्तींपैकी बाराव्या शतकातील एक बुद्धमूर्ती लंडनच्या पोलिसांनी १५ ऑगस्ट २०१८ रोजी भारताकडे सोपवली. सत्तावन्न वर्षांच्या त्या वनवासाची कथा ऐकताना एखादा शाळकरी मुलगा बुद्धमूर्तीसमोर जितका वेळ थांबेल तितका वेळ तो एरवी कोणत्याही मूर्तीसमोर थांबणार नाही. बगदादच्या संग्रहालयातील पाच हजार वर्षांपूर्वीचे उरुकचे पात्र एप्रिल २००३ च्या लुटीत पळवले गेले आणि जूनमध्ये एका मोटारीतून तुकड्यांच्या रूपात परत आले. ते सांधून पुन्हा मांडले गेले, आणि आज त्या पात्राकडे पाहणाऱ्याला सुमेराच्या इतिहासाइतकाच २००३ चा इतिहासही दिसतो. बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून मार्च १९९० मध्ये तेरा कलाकृती गेल्या त्या अद्याप मिळालेल्या नाहीत. तेथे रिकाम्या चौकटी भिंतीवर तशाच टांगून ठेवल्या आहेत. उणीव दाखवण्याचे धैर्य असलेल्या संस्थेवर लोकांचा विश्वास अधिक बसतो, हे तेथे येणाऱ्या गर्दीवरून दिसते.

येथे एक मर्यादा मी आवर्जून घालतो. पूजेत असलेल्या मूर्ती या संग्रहालयात येऊ नयेत. तामिळनाडूतील श्रीपुरंदान गावच्या मंदिरातून चोरून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाला विकलेला नटराज २०१४ साली परत आला तेव्हा देशभर आनंद झाला. पण त्या राज्यातील परत मिळालेल्या किंवा धोक्यात असलेल्या मूर्ती मोठ्या संख्येने सरकारी मूर्तिसुरक्षा केंद्रांत दाटीवाटीने उभ्या आहेत, देवळात नाहीत. चोराच्या भयाने देवाला कायमचे कोठारात ठेवणे हा चोराचा विजय आहे. ज्या गावाची मूर्ती आहे त्या गावाला ती संरक्षणाच्या साधनांसह परत द्यावी, आणि संग्रहालयात तिची प्रतिकृती व तिच्या प्रवासाची कागदपत्रे मांडावीत. दिवेआगरच्या बाबतीतही मी हेच म्हणेन: नवा मुखवटा मंदिरात असावा, आणि जुन्या मुखवट्याची छायाचित्रे, तपासाची हकीगत आणि त्या दोन राखणदारांची नावे एका सार्वजनिक जागी, वाचता येतील अशा अक्षरांत असावीत.

माझ्या या कल्पनेवर दोन आक्षेप मित्रांनी घेतले आहेत. पहिला असा, की चोरीची रीत तपशिलाने मांडली तर पुढच्या चोराला शिकवणी मिळते. झरोका किती रुंद होता आणि दोर कोठे बांधला होता हे फलकावर लिहा असे मी म्हणत नाही. वस्तू गेली, ती अशा दिवशी गेली, आमच्या व्यवस्थेत अमुक त्रुटी होती आणि ती आम्ही दूर केली, एवढे सांगण्याने चोराला काही मिळत नाही आणि प्रेक्षकाला पुष्कळ मिळते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. संस्थेची बेअब्रू होते, देणगीदार दुरावतात, विश्वस्तांना शरम वाटते. ही शरम मी समजू शकतो. पण गाडलेली शरम दफ्तराला बाधते. गेलेली वस्तू परत मिळते ती तिच्या छायाचित्रामुळे, वजनाच्या नोंदीमुळे, खड्यांच्या मोजदादीमुळे. आणि ज्या संस्था आपले नुकसान झाकतात त्या सहसा आपल्या याद्याही अद्ययावत ठेवत नाहीत, कारण याद्या तपासल्या की काय काय नाही ते बाहेर येते. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ साली झाला आणि १९७६ पासून अमलात आला. त्याखाली नोंदणीची तरतूद आहे, परंतु देवळांतील, मठांतील आणि खाजगी वाड्यांतील असंख्य वस्तूंचे साधे एक छायाचित्रही कोठे उपलब्ध नाही. अशी वस्तू उद्या लंडनच्या लिलावात दिसली तर ती आपली म्हणून सांगण्यास आपल्यापाशी काय असेल?

महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना सोडवून आणली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली तेव्हा तिचे मिरवणुकीने स्वागत झाले. ती आपली आहे हे सांगता आले, कारण तिच्या पात्यावर भोसल्यांचे नाव देवनागरीत कोरलेले होते. ज्या हजारो वस्तूंवर नाव कोरलेले नाही त्यांच्यासाठी आपली नोंदवहीच तेवढी साक्ष देऊ शकते. त्या तलवारीसमोरही मला हेच वाचायला आवडेल की ती नागपुराहून विलायतेस कोणत्या वाटेने गेली असावी, १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीशी तिचा संबंध कोणत्या आधारावर जोडतात आणि त्यात निश्चित किती व तर्क किती. आपला वाचक आणि प्रेक्षक असा तर्क समजून घेण्याइतका प्रौढ आहे.

मलकपेठेच्या महालात हे सारे घडायचे तर वस्तूंच्या आधी वास्तूचीच दुरुस्ती करावी लागेल, आणि ती अजिंठ्याच्या धड्याला स्मरून करावी लागेल: चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासू नये, पडलेल्या कमानींपैकी ज्या नव्या बांधाल त्या नव्या म्हणून ओळखू याव्यात, आणि ज्या बांधता येणार नाहीत त्या तशाच भग्न राखून त्यांच्यावर छप्पर घालावे. तळमजल्यावर दुरुस्तीची कार्यशाळा असावी आणि तिला काचेची भिंत असावी, म्हणजे कांद्याचा सौदा आटोपून आत डोकावणाऱ्या शेतकऱ्यालाही भिंगाखाली एक एक खडा तपासणारा कारागीर दिसेल. सालारजंग संग्रहालयाकडे आणि राज्याच्या वस्तुसंग्रहालयाकडे अनुभवी माणसे आहेत. पब्लिक गार्डनमधील या राज्य वस्तुसंग्रहालयाने आपल्या इजिप्शियन ममीला प्राणवायूविरहित पेटीत ठेवण्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या तज्ज्ञांचे साहाय्य घेतले, म्हणजे दोन शहरांत असा सहकार शक्य आहे हे सिद्धच झालेले आहे.

मोठी रक्कम मंजूर होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. राज्याच्या वारसा खात्याने महबूब मॅन्शनच्या उरलेल्या भिंतींची मोजणी, नकाशे आणि खोलीवार छायाचित्रण एवढे काम येत्या पावसाळ्यापूर्वी हाती घेऊन पुरे करावे; त्याला लागणारी माणसे या शहरातल्या वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांतून सहज मिळतील, आणि रेमंडचा मंडप एका पावसात गेला तशी एखादी भिंत गेलीच, तर ती पुन्हा कशी उभारायची हे सांगणारा कागद निदान दफ्तरात असेल.